रोजगार केंद्राच्या पायरीवरच हातपाय गार पडतात, कुणाचं असं होतं का?

बिनशेवेचे_पोहे | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचून जाते, लिहायची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीनंतर नोकरी गेली. अकाउंट्सला होते, सहा वर्षं. कंपनीने इंदूरचं ऑफिसच गुंडाळलं आणि आम्ही अकरा जण एका शुक्रवारी दुपारी डबा तसाच घेऊन घरी. वाटलं महिन्या-दीड महिन्यात मिळेल दुसरी, आता आठ महिने झालेत. मधे एका योजनेत नाव घातलं, टॅली आणि जीएसटीचा रिफ्रेशर कोर्स आणि शेवटी प्लेसमेंट असं आहे ते. कोर्स बरा आहे, शिकवणारे सरही चांगले आहेत. पण दर गुरुवारी रोजगार केंद्रात 'समुपदेशन' म्हणून हजेरी लावावी लागते, तीन वेळा चुकली की नाव कट.

मला अँग्झायटीचा त्रास कॉलेजपासून आहे. डॉक्टर आहेत, गोळी चालू आहे, नोकरी होती तोवर सगळं आटोक्यात होतं. आता बुधवार संध्याकाळपासून पोटात गोळा, रात्रभर कूस बदलत राहायचं, सकाळी पोहे समोर आले की उमळून येतं, आणि केंद्राची पायरी चढताना हातपाय बर्फ.

गेल्या गुरुवारी तर हद्द झाली. टेबलावर एक पेन असतं, कुणी पळवू नये म्हणून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं. रजिस्टरमधे सही करायला घेतलं तर माझा हात इतका थरथरत होता की ती सुतळीच टेबलावर टकटक वाजायला लागली. साहेबांनी मान वर करून पाह्यलं (नाहीतर कधी पाहात नाहीत) आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, ऐसे काँपोगे तो इंटरव्यू में क्या करोगे? ये सब वहम है, घर बैठने की आदत पड़ गई है." मागे रांगेत वीस-पंचवीस लोक. एकदोघं हसले पण. मी सही केली, बाहेर आले, आणि रीगल चौकापर्यंत चालत गेले तेव्हा कळलं की ओढणी आतच खुर्चीवर राहिली. परत आणायला गेले नाही.

विचारायचं हे की अशा माणसाला आपला आजार सांगावा का? की सांगितलं की फाइलवर 'मेंटल' असा शिक्का बसतो आणि प्लेसमेंटही जाते? आणि तुम्ही लोक त्या खोलीत बसून राहाता तरी कसे?

गराडू | रात्री ११:५८

पहिला नंबर माझा.
इंदूरात राहून बिनशेवेचे पोहे?? ताई, त्रासाचं मूळ इथेच आहे. (ह.घ्या.)
बाकी सकाळी नीट लिहितो, डोळे मिटून राहिलेत.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:१५

ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे तोवर लिहून घेते. नर्स आहे, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पोहे ताई, हात थरथरणं, तळवे गार पडणं, उमळून येणं, हे वहमबिहम काही नाही. शरीराला वाटतं समोर वाघ आहे, म्हणून ते रक्त मोठ्या स्नायूंकडे पाठवतं पळायला, हाताची बोटं गार पडतात, पोटाचं काम थांबतं. वाघ नाही, सुतळी आहे, हे शरीराला कोण सांगणार. त्यावर एक करता येतं, श्वास बाहेर सोडायचा वेळ आत घेण्यापेक्षा लांबवायचा. चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर. पण हे गुरुवारी टेबलासमोर पहिल्यांदा करायला गेलीस तर जमणार नाही. रोज घरी, काहीही होत नसताना, पाच मिनिटं कर, म्हणजे त्या दिवशी आपसूक येतं. बुधवार संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, पोहे नको तर केळं खा.

आणि एक महत्त्वाचं. दांडी मारायची नाही. दांडी मारलीस की त्या क्षणी इतकं हायसं वाटतं की मेंदू शिकतो, 'बघ, नाही गेलो म्हणून वाचलो', आणि पुढच्या गुरुवारी भीती दुप्पट. हे माझं शहाणपण नाही, थेरपीवाले पहिल्या दिवशी हेच शिकवतात. फार झालं तर आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर ये, पण जा.

रात्री झोप लागत नसेल तर १४४१६ आहे. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालंय, रात्री पण चालू असतं, भाषा निवडता येते.

शनिगल्ली | सकाळी ७:४०

माझ्याकडे जुना स्टॉक आहे अल्प्राझोलामचा, अर्धी घेऊन गेलीस की साहेबच काय कलेक्टरसमोर पण गार राहशील. मी लग्नाच्या बोलणीला घेऊन गेलो होतो.

रात्रपाळी | सकाळी ७:५५

शनिगल्ली, झोपायला निघाले होते, तुझ्यामुळे परत लॉगिन केलं. आपल्या गोळ्या दुसऱ्याला वाटायच्या नाहीत. ती गोळी चिठ्ठीशिवाय दुकानदाराने द्यायची पण नसते, सवय लागते, आणि ताईची आधीच एक गोळी चालू आहे. काय कशात मिसळेल ते तिचे डॉक्टर बघतील. जुना स्टॉक फेकून दे.

शनिगल्ली | सकाळी ७:५८

ओके ओके. लग्न पण नाही झालं तसं.

कडकनाथ | सकाळी ९:२०

मला एक समजत नाही. आठ महिने घरी आहात, सरकार फुकट कोर्स देऊन राहिलंय, आठवड्यातून एक तास बसायचं, त्यात पण त्रास? आमच्या वेळी बाबूने शिव्या घातल्या तरी 'जी साहब' म्हणून उभे राहायचो. साहेबाचं बोलणं कडक आहे पण चूक काय? इंटरव्ह्यूला हात कापला तर नोकरी कोण देणार? आज प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची फॅशन झालीय. राग मानू नका, स्पष्ट बोलणारा माणूस आहे.

एचआरवाली_सून | सकाळी १०:०५

@कडकनाथ, पंधरा वर्षं इंटरव्ह्यू घेतेय. हात कापणाऱ्यांना मी नोकऱ्या दिल्यात आणि हात अजिबात न कापणाऱ्यांना काढून पण टाकलंय, एकजण तर रोकड घेऊन गेला, त्याचा हात कध्धी कापला नाही. आणि चार लोकांसमोर बोलणं ही तर सरळ सरळ असभ्यता आहे, कडकपणा कसला.

बडोदेकर | सकाळी १०:३०

आमच्या बडोद्यात पण हेच, फक्त 'बेन' म्हणून अपमान करतात. आवाज गोड असतो एवढाच फरक.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. मी सरकारी ठिकाणी गेलोच नाही, एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत गेलो, एसी ऑफिस, काचेचं दार, पाणी विचारणारी मुलगी. पहिल्याच दिवशी रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार घेतले, मग 'प्रोफाइल अपग्रेड'चे दोन हजार. सहा महिन्यांत दोन कॉल लावले, दोन्ही विम्याच्या पॉलिसी विकायचे, पगार शून्य आणि कमिशनवर. मी विचारायला गेलो तर तीच पाणी विचारणारी मुलगी म्हणाली सर तुमच्यातच कॉन्फिडन्स नाही. तेव्हा ताई, तुमचा साहेब खडूस असला तरी खिसा कापत नाही हे काय कमी आहे. नोकरीसाठी जो तुमच्याकडून पैसे मागेल त्याला लांबूनच रामराम करा.

होळकरी_पगडी | सकाळी ११:१२

आडनावाचं कुणी बोललंच नाही. माझं आडनाव सहस्रबुद्धे. इंदूरातल्या कुठल्याही खिडकीवर गेलं की आधी पाच मिनिटं ते आडनावच चालतं. "सहस्त्र... क्या? बुद्धि?" एकदा कार्डावर 'सहसा बुद्धू' छापून आलं होतं, आईशप्पथ. दुरुस्तीला चार चकरा झाल्या, बाबू म्हणतो भिया आप 'एस. बुद्धे' लिख लो ना, सब का टाइम बचेगा. मला अँग्झायटी नव्हती, त्या चार चकरांनी येता येता राहिली.

गराडू | सकाळी ११:२०

सहसा बुद्धू!!! ऑफिसात मोठ्याने हसलो, बॉसने पाह्यलं. आता मला पण रोजगार केंद्राचा पत्ता द्या.

निवृत्त_बाबू | दुपारी २:३०

मी या खात्यात चौतीस वर्षं काढली. कुठल्या गावी ते सांगत नाही. टेबलाच्या पलीकडची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

मी लागलो तेव्हा रोजगार कार्यालयाला रुबाब होता. पंजीयन (नोंदणी) केलं की एक्स-१० चं ओळखपत्राचं कार्ड मिळायचं, लोक ते प्लॅस्टिकमधे घालून देव्हाऱ्यात ठेवायचे. सरकारी जागा निघाली की आमच्याकडून नावं जायची. १९५९ चा कायदा होता, मालकाने रिकाम्या जागा आम्हाला कळवायच्या. लोकांना वाटायचं म्हणजे आमच्यामार्फतच भरायच्या. तसं कधीच नव्हतं. कळवणं बंधनकारक, भरणं नाही. मग १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजने, म्हणजे आम्ही, पाठवलेल्या नावांतून भरती नको, जाहिरात पण द्या, बाकीच्यांना पण संधी द्या. निकाल योग्यच होता. पण त्यानंतर आमच्या हातात द्यायला काही राहिलं नाही आणि रांग तेवढीच राहिली. दिवसाला दीडशे माणसं विचारणार, साहेब माझं काय झालं, आणि उत्तर एकच, काही नाही. पाच वर्षं हे उत्तर देऊन माणूस मान वर करायचं सोडतो. मी पण सोडलं होतं. माझी बायको म्हणायची घरी सुद्धा तुम्ही पेपरातून तोंड काढत नाही.

हे साहेबाला माफ करा म्हणून नाही लिहिलं. चार लोकांत बोलला ती चूकच.

आता बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तोंडी काही सांगू नको. तोंडी सांगशील तर रडू येईल, त्याला वाटेल नाटक आहे, आणि उद्या विचारलं तर म्हणेल मला काही सांगितलंच नाही. अर्ज दे. साध्या कागदावर, हिंदीत, अर्ध्या पानाचा. आजाराचा इतिहास लिहू नको, नाव सुद्धा लिहायची गरज नाही. 'स्वास्थ्य संबंधी कारण से' एवढं पुरे, हवं तर डॉक्टरची चार ओळींची चिठ्ठी जोड. आणि काय हवं ते स्पष्ट माग. बारी येईपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसू द्यावं. सोबत घरचं एक माणूस आत येऊ द्यावं. जे प्रश्न असतील ते लिहून द्यावेत, उत्तर लिहून आणीन. यात सरकारचा एक पैसा जात नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नाही.

दोन प्रती ने. एक द्यायची, दुसरीवर आवक शाखेचा (आलेले कागद नोंदवतात ती) शिक्का आणि नंबर घ्यायचा. बाबू माणसाला घाबरत नाही, आवक नंबराला घाबरतो. नंबर पडला की ते कागद झालं, आणि कागदाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर नाही आलं तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तोच नंबर सांगायचा. पण आधी नको, आधी अर्ज.

रामबागवाली_मावशी | दुपारी ३:०५

काकांनी सोळा आणे खरं लिहिलंय. मी म्हणते अर्ज तर दे बाळा, पण खजराण्याच्या गणपतीला मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक पण काढून ये. माझ्या भाच्याची बँकेची झाली. काम झालं की सरळ काढायला विसरू नको.

रात्रपाळी | दुपारी ४:४०

उठले. मावशी, स्वस्तिक जरूर काढू दे, गोळी बंद नाही करायची एवढंच.

विलायती_जीरावन | संध्याकाळी ६:५०

मूळची लोकमान्य नगरची, आता बारा वर्षं इंग्लंडात. (जीरावनच्या, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याच्या, पुड्या बॅगेत भरून आणते, एकदा कस्टमवाल्याने हुंगून पाह्यलं आणि दहा मिनिटं शिंकत होता.)

इथे काय वेगळं असतं ते सांगते. २०१९ ला माझी नोकरी गेली, आठ महिने युनिव्हर्सल क्रेडिटवर होते. सरकार पैसे देतं, पण आधी एका कराराला हो म्हणावं लागतं, आठवड्याचे ३५ तासांपर्यंत नोकरी शोधायची, काय शोधलं ते ऑनलाइन जर्नलमधे लिहायचं, ठरल्या दिवशी कोचला भेटायचं. भेट चुकली आणि कारण पटलं नाही तर पैसे कापतात, त्याला सँक्शन म्हणतात. म्हणजे तुमच्याकडे नाव कट, आमच्याकडे पैसे कट. माझी पहिली कोच घड्याळाकडे बघत बोलायची. मला पॅनिक अटॅक यायला लागले ते तिथेच, आधी कधी नव्हते. फोनवर त्यांचा मेसेज आल्याचा टुंग वाजला की हातातलं भांडं पडायचं, अजूनही तो आवाज दुसऱ्या कुणाच्या फोनवर ऐकला की छातीत धस्स होतं.

पण निवृत्त काकांचं सूत्र इथेही तंतोतंत लागू. मी तोंडी रडले तेव्हा टिश्यूचा डबा पुढे केला, बस. डॉक्टरची फिट नोट (तब्येतीमुळे काम झेपतं का ते सांगणारी चिठ्ठी) दिली आणि जर्नलमधे लेखी टाकलं की मला फोन करायच्या आधी मेसेज करा आणि भेटीला मैत्रीण सोबत येईल, तेव्हा वागणं बदललं. प्रेमाने नाही बदललं, लेखी होतं म्हणून बदललं. इथे २०१० चा समानतेचा कायदा आहे, त्यात आजार बसत असेल तर अशा सवलती मागता येतात. तिकडे काय आहे माहीत नाही, कुणी जाणकार सांगेल.

एचआरवाली_सून | संध्याकाळी ७:३०

इकडचं मी सांगते. २०१६ चा दिव्यांगांचा कायदा आहे, त्यात मानसिक आजार धरलाय, पण आरक्षण वगैरे पाहिजे तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, गोळीवर आटोक्यात असलेल्या अँग्झायटीला ते साधारण मिळत नाही. म्हणून त्या वाटेने जाऊ नकोस. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मात्र कामाचा आहे, तुझ्या उपचाराची माहिती डॉक्टर-दवाखान्याने तुझ्या संमतीशिवाय उघड करायची नाही असं त्यात आहे. म्हणजे केंद्राने फोन करून परस्पर चौकशी केली तरी ते सांगू शकत नाहीत.

आणि मालकाला सांगावं का? माझं मत, इंटरव्ह्यूत नाही. रुजू झाल्यावर, माणूस ओळखून. हे एचआर म्हणून नाही, सून म्हणून लिहितेय.

होळकरी_पगडी | रात्री ८:१५

मी असहमत. लपवायचं तरी किती? लपवायचं म्हटलं की त्याचीच वेगळी धास्ती. माझ्या धाकट्या भावाने इंटरव्ह्यूतच सांगितलं, मी सुरुवातीला दहा मिनिटं अडखळतो, मग ठीक होतो. घेतलं त्याला.

एचआरवाली_सून | रात्री ८:२२

घेतलं ते छान. पण ज्या चार ठिकाणी नाही घेतलं तिथे कारण काय होतं ते भावाला कुणी सांगितलं नसेल ना.

होळकरी_पगडी | रात्री ८:२६

हम्म. तीन ठिकाणी.

मिलवाल्याचा_मुलगा | रात्री ९:४५

धागा वाचून बाबांची आठवण झाली, अवांतर आहे, पण लिहितो.

बाबा इथल्या एका कापड मिलमधे होते. मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत. त्या काळी इंदूरात एकामागून एक मिला बंद पडल्या. हुकुमचंदचं तर सगळ्यांना माहीत आहे, १९९१-९२ ला बंद झाली आणि कामगारांचे २२४ कोटी निघाले ते २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं. कितीतरी लोक वाट बघत गेले.

आमचे बाबा रोज सकाळी सातला तयार होऊन सायकल काढायचे, डबा लावून. आईला वाटायचं काम शोधायला जातात. मी एकदा शाळा बुडवून मागे गेलो तर लालबागच्या भिंतीशी सायकल लावून बसले होते, डबा उघडून नुसते बघत. घामाने सदरा ओला, थंडीचे दिवस होते. मला वाटलं ताप आहे. तेव्हा कुणाच्या तोंडी अँग्झायटी हा शब्द नव्हता, आजी म्हणायची, त्याने धसका घेतलाय. वीस वर्षं आम्ही तोच शब्द वापरला आणि औषध कुणी केलं नाही. कडकनाथजी, फॅशन नाही हो. नाव नवीन आहे एवढंच.

अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या (सजवलेले देखावे) निघायच्या तेव्हा तेवढी एक रात्र ते ताठ चालायचे.

विलायती_जीरावन | रात्री १०:१०

काय लिहू. वाचलं.

कडकनाथ | रात्री १०:४०

मिलवाले, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. माझं मत मात्र तेच आहे. आणि एक सांगा, इतके प्रतिसाद झाले, श्वास झाला, अर्ज झाला, गणपती झाला, विलायत झाली. मुलीला नोकरी कशी मिळेल हे एकाने तरी लिहिलं का? नोकरी मिळाली की गुरुवार आपोआप संपतो. मूळ औषध ते आहे.

एचआरवाली_सून | रात्री १०:५५

कडकनाथ आज पहिल्यांदा माझ्या मनातलं बोलले, तारीख लिहून ठेवते.

ताई, आठ महिन्यांची गॅप झाकू नकोस. 'जुन्या कंपनीने शाखा बंद केली, त्यानंतर टॅली-जीएसटी कोर्स' अशी एक ओळ, बस. जुन्या मॅनेजरकडून शाखा बंद झाल्याचं पत्र मागून घे. आणि मोठ्या कंपन्यांच्या मागे आत्ता लागू नकोस. सियागंज, मालवा मिल, पालदा, तिकडच्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या रिटर्नला माणूस सतत लागतं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), त्या आठवड्यात त्यांची धावपळ असते, त्यामुळे विचारायला पाच-सहा तारखेला जा, ऐन वेळेला नको. इंटरव्ह्यू म्हणजे शेठ चहा पाजतो आणि एक बिल पुढे सरकवतो, याचा एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) काय लावाल. तिथे बोलायचं कमी, करायचं जास्त. तुझ्यासारखीला ते सोपं जाईल.

आणि जुन्या नोकरीत ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जायचा का? पगार २१ हजारांच्या आत असेल तर जायचा असेल. अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना म्हणून आहे, २०१८ पासून, नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. योजनेची मुदत वाढत वाढत आलीय, तेव्हा चालू आहे का आणि तुझ्या अटी बसतात का ते आधी विचार.

बिनशेवेचे_पोहे | रात्री ११:३०

सगळे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. मिलवाले दादा, तुमचा तर तीनदा. पगार २३ होता, ईएसआय नव्हता, हाय रे नशीब. पण अर्ज आज लिहिला. निवृत्त काका, 'प्रतिलिपि' खाली लिहायची की बाजूला?

(शेव आवडत नाही असं नाही, दाताला क्लिप आहेत.)

निवृत्त_बाबू | रात्री ११:४५

खाली, डावीकडे. आणि तारीख घाल, घाईत लोक तारीख विसरतात.

गराडू | रात्री ११:४६

क्लिप!! माफी, माफी. मी उगाच पहिल्याच प्रतिसादात चारित्र्यावर शंका घेतली.

*(तीन आठवड्यांनंतर)*

शनिगल्ली | रविवार, सकाळी ८:१०

धागा वर काढतोय. पोहे ताई, काय झालं पुढे? स्टॉक फेकला बरं का, रात्रपाळी.

बिनशेवेचे_पोहे | रविवार, दुपारी १:२०

लिहायचंच होतं, आळस झाला.

पहिल्या गुरुवारी मामेबहिणीला घेऊन गेले. आधी आवक शाखेत. तिथला माणूस म्हणाला सीधे साहब को दे दो, मी म्हटलं नाही, नंबर द्या. हे वाक्य मी घरी आरशासमोर बहुतेक चाळीस वेळा म्हणून पाह्यलं होतं. त्याने शिक्का मारला. मग साहेबांना प्रत दिली, त्यांनी वाचली, "ये क्या नया शुरू किया," म्हणाले, आणि मग कोपऱ्यातला तो नंबर दिसला. काही बोलले नाहीत. ट्रेखाली सरकवून दिला.

दुसऱ्या गुरुवारी व्हरांड्यात बसले, कडुनिंब आहे तिथे, शिपायाने येऊन बोलावलं. माझं चार-सहाचं मोजणं चालू होतं, त्याला वाटलं मी जप करतेय, म्हणाला आराम से कर लो दीदी, दो लोग आगे हैं. ओढणी पण त्यानेच जपून ठेवली होती, रजिस्टरच्या कपाटात.

बरी झाले वगैरे काही नाही. बुधवारी रात्री अजून झोप येत नाही, या बुधवारी १४४१६ लावला होता, पलीकडची बाई वीस मिनिटं बोलली. साहेब तसेच आहेत, मान वर करत नाहीत, पण आता मला ते बरंच वाटतं. डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय.

सियागंजला दोन ठिकाणी जाऊन आले. एका शेठने खरंच बिल पुढे सरकवलं, हळद होती. बरोबर सांगितलं. अर्धा दिवस, नऊ हजार, एक तारखेपासून या म्हणाला. घ्यावं की थांबावं ते ठरत नाहीये, पण पाच दिवस आहेत.

कडकनाथ | दुपारी १:३५

घ्या. नऊ हजार नऊ हजार असतात. पूर्ण दिवसाचं मिळालं की सोडा.

होळकरी_पगडी | दुपारी १:५०

अभिनंदन! शेठने आडनाव नीट लिहिलं का?

रात्रपाळी | दुपारी २:०५

शाब्बास. आणि सहीचं काय झालं? सुतळी वाजली का?

बिनशेवेचे_पोहे | दुपारी २:१८

स्वतःचं पेन घेऊन गेले होते, दहा रुपयेवालं. हात कापलाच, पण सुतळी नसल्यामुळे कुणाला कळलं नाही. मग साहेबांनीच ते सही करायला मागून घेतलं आणि परत दिलं नाही.

गराडू | दुपारी २:२०

आवक नंबर घेतला का पेनचा?